हार्वे कुशिंग : किती काढावे, किती राखावे

१९२७ साली अमेरिकेतील टाइम या साप्ताहिकाने एका स्त्रीचे छायाचित्र छापले. सर्कशीत जगातील सर्वांत कुरूप स्त्री म्हणून जिचे प्रदर्शन मांडले जाई, अशी ती स्त्री. छायाचित्रासोबतचा मजकूर थट्टेचा होता. काही दिवसांनी साप्ताहिकाच्या पत्रव्यवहाराच्या पानावर बोस्टनहून आलेले एक पत्र प्रसिद्ध झाले. ही स्त्री कुरूप नसून आजारी आहे, तिला झालेल्या रोगाला नाव आहे आणि असा आजार हा विनोदाचा विषय करू नये, असे पत्रलेखकाने स्पष्टपणे सुनावले होते. पत्राखाली सही होती डॉ. हार्वे कुशिंग यांची. त्या काळी मेंदूच्या शस्त्रक्रियेत जगात त्यांच्या तोडीचे नाव शोधणे कठीण होते.

ती स्त्री म्हणजे मेरी अ‍ॅन बेव्हन. पूर्वाश्रमीची लंडनमधील परिचारिका, चार मुलांची आई आणि अकाली वैधव्य आलेली. हात-पाय, जबडा, नाक, कपाळ सावकाश वाढत जाऊन चेहरा ओळखू येईनासा होतो, असा अ‍ॅक्रोमेगॅली हा रोग तिला झाला होता. मुलांना पोसण्यासाठी तिने स्वतःचा चेहरा लोकांच्या तिकिटांना विकला होता. कुशिंग यांनी मात्र त्या चेहऱ्यामागे मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी पाहिली. तिचा शोध घेण्यात त्यांच्या आयुष्याची पंचवीसहून अधिक वर्षे गेली होती.

हार्वे विल्यम्स कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे झाला. वडील, आजोबा आणि पणजोबा, तिघेही डॉक्टर. दहा भावंडांत हार्वे सर्वांत धाकटे. येल विद्यापीठातून १८९१ साली पदवी घेऊन ते हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. तेथे विद्यार्थिदशेतच त्यांच्यावर एक आघात झाला. त्या काळी शस्त्रक्रियेच्या वेळी ईथरची भूल देण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपवले जाई. कुशिंग भूल देत असताना एक रुग्ण दगावला. वैद्यकी सोडून द्यावी, असे त्यांच्या मनात येऊन गेले. पण ते थांबले आणि अर्नेस्ट कॉडमन या सहाध्यायाबरोबर त्यांनी एक साधा तक्ता तयार केला. भूल दिलेली असताना रुग्णाची नाडी आणि श्वास दर काही मिनिटांनी त्यावर टिपायचे. आज जगभरातील शस्त्रक्रियागृहांत भुलेची जी नोंद ठेवली जाते, तिचे मूळ या तक्त्यांत आहे. मोजल्याशिवाय रुग्णाचे काय चालले आहे हे कळत नाही, हा धडा कुशिंग यांनी एका मृत्यूची किंमत मोजून घेतला आणि तो जन्मभर सोडला नाही.

१८९६ साली ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॅल्स्टेड या शल्यविशारदांच्या हाताखाली रुजू झाले. हॅल्स्टेड यांच्याकडून त्यांनी सावकाश, रक्तस्राव होऊ न देता, पेशीजालाला जपत शस्त्र चालवण्याची शिस्त उचलली. तेथेच विल्यम ऑस्लर या थोर वैद्याचा स्नेह त्यांना लाभला. १९०० ते १९०१ या काळात ते युरोपात गेले. बर्नमध्ये थिओडोर कोखर, लिव्हरपूलमध्ये चार्ल्स शेरिंग्टन यांच्याकडे त्यांनी काम केले. इटलीतील पाव्हिया येथे त्यांना रीवा-रोच्ची यांनी बनवलेले रक्तदाब मोजण्याचे साधे उपकरण दिसले. त्याचा नमुना घेऊन ते परतले आणि रक्तदाब मोजण्याची पद्धत अमेरिकेत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला.

परतल्यावर मेंदूची शस्त्रक्रिया हेच आपले क्षेत्र, असे त्यांनी ठरवले. त्या काळी हा निर्णय धाडसाचाच होता. मेंदूच्या गाठीवर शस्त्रक्रिया झालेले रुग्ण मोठ्या प्रमाणावर दगावत. त्यातच सुरुवातीला एका किशोरवयीन मुलीच्या बाबतीत त्यांना अपयश आले. डोकेदुखी, अंधुक होत चाललेली दृष्टी आणि खुंटलेली वाढ अशी तिची लक्षणे होती. कुशिंग यांनी तिच्यावर शस्त्रक्रिया केल्या, पण गाठ सापडली नाही. ती मुलगी गेल्यावर शवविच्छेदनात गाठ दिसली. ती होती पीयूषिका अर्थात पिट्युटरी ग्रंथीपाशी. आपण चुकीच्या जागी शोधत होतो, ही बोच त्यांना या ग्रंथीकडे घेऊन गेली.

पीयूषिका ग्रंथी मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे हाडाच्या एका खोबणीत असते. तिचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. पण शरीराची वाढ, थायरॉइड, मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी, प्रजनन आणि शरीरातील पाण्याचा तोल या साऱ्यांचा कारभार तिच्या संप्रेरकांवर चालतो. विसाव्या शतकाच्या आरंभी यातले फारच थोडे ठाऊक होते. पिअर मारी या फ्रेंच वैद्याने १८८६ साली अ‍ॅक्रोमेगॅली हे नाव रूढ केले होते. या रुग्णांची पीयूषिका मोठी झालेली आढळते, हेही ध्यानात आले होते. वाद होता तो अर्थाचा. ग्रंथी निकामी झाल्याने हा रोग होतो, असा मारी यांचा कल होता. ग्रंथी अतिरेकाने काम करू लागल्याने तो होतो, असे दुसरा पक्ष म्हणे.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. पहिला पक्ष खरा असेल, तर ग्रंथीचा भाग कापून काढणे म्हणजे रुग्णाला आणखी खोल ढकलणे. दुसरा खरा असेल, तर तोच एक उपाय. शिवाय प्रयोगशाळेत कुत्र्यांची संपूर्ण पीयूषिका काढली की ती थोड्याच दिवसांत मरत, असे कुशिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसत होते. अंशतः काढली, तर प्राणी जगत. पण पिल्ले खुजी राहत, सुस्त आणि लठ्ठ होत. म्हणजे सारे काढता येत नाही आणि सारे ठेवताही येत नाही. किती काढावे आणि किती राखावे, हा प्रश्न कुशिंग यांच्यापुढे उभा राहिला तो असा.

नाकाच्या वाटेने या ग्रंथीपर्यंत पोहोचता येते, हे ऑस्ट्रियातील हर्मान श्लोफर यांनी १९०७ साली दाखवून दिले होते. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या युलियस होखेनेग यांनी अ‍ॅक्रोमेगॅलीच्या रुग्णावर याच वाटेने शस्त्रक्रिया केली. १९०९ च्या मार्च महिन्यात कुशिंग यांच्यासमोर साउथ डकोटातील ३८ वर्षांचा एक शेतकरी आला. डोकेदुखीने तो बेजार होता आणि त्याच्या हाता-चेहऱ्याची वाढ थांबत नव्हती. कुशिंग यांनी नाकाच्या वरच्या भागातून मार्ग काढत खोबणीच्या हाडापर्यंत मजल मारली आणि ग्रंथीचा काही भाग काढला. शेतकरी वाचला. डोकेदुखी हटली आणि हाता-चेहऱ्यावरची सूज उतरू लागली. ग्रंथीचा भाग काढल्याने रोग वाढला नाही, ओसरला. अतिरेकाच्या पक्षाला याहून ठोस पुरावा तोवर क्वचितच मिळाला होता. कुशिंग यांनी त्याच वर्षी दोन अवस्था स्पष्टपणे मांडल्या : ग्रंथीचे काम वाढलेली आणि ग्रंथीचे काम घटलेली. एकाच रुग्णात आधी पहिली आणि मग दुसरी येऊ शकते, हेही त्यांच्या लक्षात आले.

त्याच वर्षी लंडनमध्ये आणखी एक प्रसंग घडला. शल्यविशारदांच्या महाविद्यालयातील हंटेरियन संग्रहालयात चार्ल्स बर्न या आयरिश महाकाय तरुणाचा सांगाडा उभा होता. सव्वासात फुटांहून उंच असलेला बर्न १७८३ साली अवघ्या बाविसाव्या वर्षी वारला होता. आपला देह शरीररचनातज्ज्ञांच्या हाती पडू नये, समुद्रात सोडावा, अशी त्याची इच्छा असल्याचे सांगितले जाते. जॉन हंटर यांनी तरीही तो मिळवला. कुशिंग यांच्या विनंतीवरून संग्रहालयाचे आर्थर कीथ यांनी कवटी उघडली. पीयूषिकेची खोबण वाढलेली होती. सव्वाशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाने एका शास्त्रीय तर्काला पुष्टी दिली, पण त्याला कोणी विचारले नव्हते.

शस्त्रक्रिया पार पडली, रुग्ण शुद्धीवर आला. आता प्रश्न उरतो तो सर्वांत अवघड. उरलेली ग्रंथी नीट काम करते आहे का? रोग खरोखर थांबला, की काही काळ दबला? फार काढले गेले असेल, तर ते कसे कळावे? रक्तातील संप्रेरक मोजण्याचे कोणतेही साधन तेव्हा नव्हते. वाढीचे संप्रेरक नावाची गोष्ट आहे, हेही सिद्ध झालेले नव्हते. कुशिंग यांच्यापाशी डोळे होते, पेन्सिल होती, वजनकाटा होता आणि कॅमेरा होता. शस्त्रक्रियेपूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे ते काढून घेत. जुनी छायाचित्रे मागवून चेहरा केव्हा बदलू लागला, याचा माग काढत. दृष्टीचे क्षेत्र आखून ठेवत.

पण त्यांनी एक मोजमापही शोधले. १९११ साली त्यांनी सहकाऱ्यांसह साखरेच्या सहनशक्तीवर निबंध प्रसिद्ध केला. रुग्णाला ठरावीक साखर द्यायची आणि ती किती प्रमाणानंतर लघवीत उतरते ते पाहायचे. ग्रंथी जोरात चालत असेल, तर थोड्याच साखरेने ती लघवीत दिसते. ग्रंथीचे काम मंदावले, की पुष्कळ साखर पचते. ग्रंथी कोणत्या दिशेला झुकली आहे, हे सांगणारा हा त्यांचा तराजू होता. ही किमया ग्रंथीच्या मागच्या भागाची, हा त्यांचा तर्क पुढे टिकला नाही. अर्जेंटिनातील बर्नार्डो उसाय यांनी साखरेच्या व्यवहारात ग्रंथीच्या पुढच्या भागाचा हात असल्याचे दाखवले आणि त्यासाठी १९४७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. निष्कर्ष अपुरा असला, तरी कुशिंग यांचा प्रश्न अचूक होता.

उणीव भरून काढण्याचेही त्यांनी प्रयत्न केले. प्राण्यांच्या ग्रंथींचा अर्क रुग्णांना खाऊ घातला. ही संप्रेरके पोटात पचून जातात, हे कळण्याइतके ज्ञान तेव्हा नव्हते. १९११ साली त्यांनी एका मरणासन्न रुग्णात मृत अर्भकाच्या पीयूषिकेचे रोपणही करून पाहिले. वृत्तपत्रांनी त्याचा गाजावाजा केला. रुग्णाला थोडे बरे वाटले, पण तो काही आठवड्यांतच गेला. हा सारा अनुभव, यशासह आणि अपयशासह, त्यांनी १९१२ साली पीयूषिका ग्रंथी आणि तिचे विकार या विषयावरील ग्रंथात मांडला. एकेका रुग्णाची हकिगत, मोजमापे आणि छायाचित्रे यांनी भरलेला हा ग्रंथ संप्रेरकशास्त्राच्या उभारणीतील एक कोनशिला मानला जातो.

१९१२ साली ते हार्वर्डमध्ये प्राध्यापक आणि बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयाचे मुख्य शल्यविशारद झाले. पुढची वीस वर्षे तेथेच गेली. वरच्या ओठाच्या आत छेद घेऊन नाकाच्या पडद्याच्या वाटेने ग्रंथीपर्यंत जाण्याची पद्धत त्यांनी परिपूर्ण केली. १९१० ते १९२५ या काळात त्यांनी या मार्गाने पीयूषिकेच्या २३१ गाठींवर शस्त्रक्रिया केल्या. त्यात दगावलेल्यांचे प्रमाण ५.६ टक्के होते. प्रतिजैविके नाहीत, संप्रेरकांची औषधे नाहीत, सूक्ष्मदर्शक नाही, अशा काळातला हा आकडा आहे.

या यशाची किंमत त्यांच्या भोवतालच्या माणसांनीही मोजली. कुशिंग यांचा स्वभाव कडक, जीभ तिखट. सहायकांना त्यांचा धाक वाटे. घर, पत्नी कॅथरिन आणि पाच मुले बऱ्याचदा मागे पडत. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील लष्करी रुग्णालयांत त्यांनी डोक्याच्या जखमांवर काम केले. १९१७ साली जिवलग मित्र ऑस्लर यांचा एकुलता एक मुलगा जखमी होऊन आला, तेव्हा त्याच्या उशाशी कुशिंग होते. तो वाचला नाही. युद्धाच्या अखेरीस मज्जातंतूंच्या विकाराने त्यांचे स्वतःचेच हात-पाय लुळे पडले आणि त्याचे परिणाम पुढेही राहिले. त्यांनी लिहिलेल्या ऑस्लर यांच्या चरित्राला १९२६ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी जून महिन्यात येलमध्ये शिकणारा थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात गेला. सकाळी बातमी समजली. कुशिंग यांनी पत्नीला कळवले आणि ठरलेली शस्त्रक्रिया पार पाडण्यासाठी ते रुग्णालयात गेले. याला निष्ठा म्हणावे की मन कोंडून घेणे, याचा निवाडा चरित्रकारांनी वेगवेगळा केला आहे.

रुग्णांच्या बाबतीत मात्र त्यांची एक सवय विलक्षण होती. शस्त्रक्रियेनंतर दरवर्षी आपली प्रकृती पत्राने कळवावी, असे ते रुग्णांना सांगत आणि ती पत्रे जपून ठेवत. टाके काढले की काम संपले, असे त्यांनी मानले नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही, हे कित्येकदा वर्षांनीच कळते, याची त्यांना जाणीव होती.

त्यांचे सारेच निर्णय काळाच्या कसोटीस उतरले नाहीत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी नाकाची वाट सोडून कवटी उघडण्याची पद्धत पत्करली. त्यांच्या शब्दाला एवढे वजन होते, की इतरांनीही ती वाट सोडली. त्यांचा शिष्य नॉर्मन डॉट याने मात्र एडिंबरोमध्ये ती जागती ठेवली. डॉट यांच्याकडून ती पॅरिसच्या जेरार गियो यांच्याकडे आणि त्यांच्याकडून माँट्रियलच्या ज्यूल हार्डी यांच्याकडे गेली. १९६० च्या दशकात हार्डी यांनी तिला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली आणि निरोगी ग्रंथी राखून केवळ बारीकशी गाठ वेचून काढणे शक्य झाले. गुरूने टाकून दिलेली वाट शिष्यांच्या परंपरेने पुन्हा हमरस्ता केली.

१९३१ च्या एप्रिलमध्ये कुशिंग यांनी मेंदूच्या गाठीची २,००० वी शस्त्रक्रिया केली. १९३२ साली पीयूषिकेतील बारीक गाठींमुळे चेहरा गोल होणे, धडावर चरबी साठणे, रक्तदाब वाढणे अशी लक्षणे होतात, हा सिद्धांत त्यांनी १२ रुग्णांच्या आधारे मांडला. अनेकांनी शंका घेतली. पुढे तो खरा ठरला आणि त्या विकाराला कुशिंग यांचेच नाव मिळाले. त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि नंतर येलमध्ये परतले. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यू हेवन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्या स्वतःच्या मेंदूत एक सेंटिमीटरची निरुपद्रवी गाठ आढळली. आयुष्यभर इतरांच्या मेंदूतील गाठी शोधणाऱ्याला ती कधी जाणवली नव्हती.

ज्या मोजमापासाठी कुशिंग चाचपडत होते, ते त्यांच्या मृत्यूनंतर हाती आले. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातील अतिसूक्ष्म प्रमाणातले संप्रेरक मोजण्याची किरणोत्सर्गी पद्धत विकसित केली. १९६० च्या दशकात वाढीचे संप्रेरकही तिच्या कक्षेत आले. यॅलो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन तोवर हयात नव्हते. हे संप्रेरक दिवसभर लाटांनी स्रवते, म्हणून एका वेळचा आकडा फसवा ठरू शकतो. त्याच्या प्रभावाखाली मुख्यतः यकृतात तयार होणारा आयजीएफ-१ हा घटक मात्र रक्तात बराच स्थिर असतो.

आज अ‍ॅक्रोमेगॅलीच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत सकाळचे कॉर्टिसॉल पाहिले जाते, कारण ते घसरले तर जिवाला धोका असतो. लघवीचे प्रमाण आणि रक्तातील सोडियम यांवर लक्ष ठेवले जाते. सुमारे १२ आठवड्यांनी आयजीएफ-१ वयाच्या मानाने योग्य मर्यादेत आले का, हे तपासतात. त्याच सुमारास एमआरआय काढून काही शिल्लक आहे का, ते पाहतात. शंका उरली, तर रुग्णाला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून पुढचे दोन तास रक्त तपासतात. निरोगी शरीरात साखरेने वाढीचे संप्रेरक दबते. ते एक लिटर रक्तद्रवात एक मायक्रोग्रॅमच्या खाली, आणि अधिक संवेदनशील तपासणीत ०.४ च्या खाली उतरले, तर रोग आटोक्यात आल्याचे मानतात. थायरॉइड आणि प्रजननाची संप्रेरके उणी पडली असतील, तर ती औषधाने भरून काढतात. गाठ आसपास पसरली असेल, तर औषधे आणि किरणोपचार आहेत. आणि तपासणी वर्षानुवर्षे सुरू राहते. कुशिंग यांनी साखर दिली ती एका अर्थाने, आज दिली जाते ती दुसऱ्या अर्थाने. पण ग्रंथीचा लगाम ग्रंथीच्या हाती आहे का, हा प्रश्न तोच आहे. त्यांच्या वार्षिक पत्रांची जागा आता प्रयोगशाळेच्या अहवालाने घेतली आहे.

चार्ल्स बर्नची कथाही पुढे सरकली. २०११ साली त्याच्या दातांतील जनुकीय द्रव्य तपासले गेले. उत्तर आयर्लंडमधील काही आजच्या कुटुंबांत पीयूषिकेच्या गाठी निर्माण करणारा जनुकीय दोष त्याच्यातही आढळला. २०२३ साली संग्रहालय नूतनीकरणानंतर उघडले, तेव्हा त्याचा सांगाडा प्रदर्शनातून काढलेला होता. सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ लोकांनी जो देह पाहण्यासाठी रांगा लावल्या, तो अखेर नजरेआड गेला.

मेरी अ‍ॅन बेव्हन १९३३ साली वारल्या. कुशिंग यांच्या पत्राने त्यांचा आजार बरा झाला नाही आणि सर्कशीतील तिकिटेही थांबली नाहीत. पण ज्या गोष्टीकडे पाहून लोक हसत होते, तिचे कारण शरीराच्या आत, अर्ध्या ग्रॅमच्या एका ग्रंथीत आहे, हे एका डॉक्टरने चारचौघांत सांगितले होते. अ‍ॅक्रोमेगॅलीचा रुग्ण आज आरशासमोर उभा राहतो, तेव्हा आपला चेहरा का बदलला हे त्याला कळते. शस्त्रक्रियेनंतर तो बदल थांबला आहे का, हेही आकड्यांत कळते. हे कळणे शक्य व्हावे म्हणून आधी कोणीतरी त्या चेहऱ्याकडे तमाशा म्हणून नव्हे, तर रुग्ण म्हणून पाहावे लागले.